अप्पांच्या उर्दू वह्या

त्या माणसाने मांडीवरचं गाठोडं चार बोटं सरकवलं असतं तर मला नीट बसता आलं असतं, आणि नीट बसता आलं असतं तर मी त्याच्याशी बोललेच नसते. येरमाळ्याहून काळीपिवळी जीप निघाली तेव्हा आत चौदा माणसं होती. परतीचा पाऊस आठ दिवस ठाण मांडून बसला होता. रानात सोयाबीनच्या गंजी ताडपत्रीखाली भिजत होत्या, शेंगांना मोड फुटल्याचा आंबूस वास गाडीत येत होता, आणि त्यात ह्या गाठोड्याचा उग्र दर्प. मला सलग पाच शिंका आल्या.

“काय बांधलंय हो ह्यात?”

“वेखंड,” तो म्हणाला.

“एवढं? बाळं किती आहेत घरात?”

समोरच्या बाईने पदर तोंडाला लावला. तो कानापर्यंत लाल झाला. तिशीच्या आसपासचा, साधा पांढरा सदरा, कपाळावर पुसट विभूती, आणि डोळे असे की… जाऊ दे. पहिल्याच पानावर डोळ्यांचं वर्णन करणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

“बाळं न्हाईत,” तो खाली बघत म्हणाला. “कागदं हायेत. जुनी. वेखंड ठेवलं की कसर लागत न्हाय.”

“म्हणजे तुम्ही निंबगव्हाणच्या मठातले?”

“व्हय. तुम्ही…?”

“धाराशिवहून मोडी वाचायला येणारी ती मीच. शिवांजली.”

“तुम्ही?” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “आमाला वाटलं, कुणी म्हातारे गुरुजी येतील.”

“मग? हिरमोड झाला?”

“न्हाय,” तो फार पटकन म्हणाला, आणि मग बाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. चिखल होता.

निंबगव्हाण ईट गावाच्या पुढे चार किलोमीटर. मठाच्या दारात आम्ही उतरलो तसे ऐंशीच्या घरातले एक आजोबा छत्री घेऊन लगबगीने आले. मला वाटलं, छत्री माझ्यासाठी. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि भर चिखलात वाकून त्या सदऱ्यावाल्याच्या पायांवर डोकं टेकलं.

“हणमंतप्पा, उठा,” तो हळूच म्हणाला. “किती वेळा सांगितलं…”

“ऱ्हाऊ द्या. आमचं पुण्य आमाला मिळू द्या, अप्पा.” मग आजोबा माझ्याकडे वळले. “मी मठाचा कारभारी. आन् हे आमचे धाकले अप्पा, मल्लिनाथ. कार्तिकी पुनवेला गादीवर बसणार.”

ज्याला मी बाळं किती म्हणून विचारलं होतं, तो बत्तीस दिवसांनी मठाचा स्वामी होणार होता. भगवी वस्त्रं आणि जन्मभराचं ब्रह्मचर्य. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण तिथली धरणी नुसता गुडघाभर चिखल होती.

हणमंतप्पांनी दुपारी जेवताना सगळं सांगितलं. मल्लिनाथच्या आईची, शांताक्कांची, पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथ्या खेपेला दिवस राहायच्या आधीच त्यांनी नवस बोलला की हे जगलं तर मठाला वाहीन. ते जगलं. नऊ वर्षांचं झाल्यावर त्यांनी त्याला इथे आणून सोडलं. थोरले अप्पा, म्हणजे आधीचे स्वामी, दहा वर्षांपूर्वी गेले. पण तिशी गाठल्याशिवाय कुणी गादीवर बसायचं नाही अशी मठाची रीत, म्हणून गादी तेव्हापासून रिकामी. ह्या कार्तिकात त्याला तीस पूर्ण होणार होती. त्या दिवशी मठाच्या सगळ्या दप्तराची यादी त्याच्या हाती सोपवायची होती. ती यादी करायला मी आले होते.

आम्हीही लिंगायतच, घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग आहे. मठाच्या माणसाकडे कोणत्या नजरेने बघायचं असतं ते मला आईने लहानपणीच शिकवलंय. मी ते शिकले होते, एवढंच सांगते.

दप्तराची खोली समाधीच्या मागे. भिंतींना ओल चढलेली, दिवसाही दिवा लावावा लागायचा. एकेचाळीस रुमाल होते. रुमाल म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी. मी एकेक सोडायची, मोबाइलवर फोटो काढायची, वाचून नोंद सांगायची. तो समोर बसून मऊ कुंचल्याने धूळ झाडायचा आणि माझी नोंद वहीत उतरवून घ्यायचा. पंचक्रोशीतलं जे जे घरात ठेवता येत नव्हतं ते लोक मठात आणून ठेवत आले होते. कुणाची सोडचिठ्ठी, कुणाची बांधावरून भाऊबंदाला घातलेली शपथ, एका पाटलिणीने सुनेची मागितलेली माफी. सुनेला ती कधी मिळालीच नव्हती. कागदाची घडी अजून कोरी करकरीत होती.

“तुमच्या मठाला पोटात ठेवायची लई सवय,” मी म्हणाले.

“मठाला न्हाय. मठातल्या माणसांना,” तो म्हणाला, आणि हसला. तो हसला की खोलीतली ओल जरा कमी वाटायची.

“मॅडम, हे अक्षर काय?”

“मॅडम म्हणालात तर सांगणार नाही.”

“मग काय म्हणू?”

“नाव आहे मला.”

त्याने कुंचला खाली ठेवला. “शि…वांजली,” म्हणाला शेवटी. माझं नाव इतकं लांब आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिवसभरात आमचे हात एकमेकांना कधीच लागले नाहीत. कागद द्यायचा तर तो खाली ठेवायचा, मग मी उचलायची. पण चहा गार व्हायच्या आत माझ्यापुढे यायचा, माझी बसायची जागा गळतीखालून सरकवलेली असायची, आणि मी शिंकले की तो वेखंडाची पुरचुंडी गुपचूप पलीकडच्या कोनाड्यात नेऊन ठेवायचा. असल्या गोष्टींनी माणूस काय प्रेमात पडतं? पडतं. मी पडले. रोज संध्याकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला एक चौकोन कमी व्हायचा आणि मी उरलेले मोजायची.

तेविसावा रुमाल झाला त्या दिवशी मी खोलीतलं कपाट उघडलं. आत वह्यांची चवड होती, एकतीस वह्या, प्रत्येकीवर विभूतीचा बोटभर थर.

“त्यांना हात लावू नगा, लेकी!” हणमंतप्पा दारातून ओरडले. “थोरल्या अप्पांच्या मंत्रांच्या वह्या त्या. दर दसऱ्याला पूजा करतो आमी. उघडायच्या न्हाईत.”

“कोणी सांगितलं उघडायच्या नाहीत म्हणून?”

हणमंतप्पा गोंधळले. “सांगितलं… कुणी न्हाय. पण अप्पा दार लोटून लिहायचे. मी एकदा फटीतून बघितलं. उजवीकडून डावीकडं लिहीत होते. म्हटलं, ही काहीतरी उलटी साधना असंल. आपण भानगडीत पडू न्हाय.”

मी मल्लिनाथकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली. मी वरची वही उघडली आणि मला हसू आवरेना. थोरले अप्पा शिकले निजामाच्या राज्यात, सातवीपर्यंत, आणि तेव्हाच्या शाळेत शिकवायचे उर्दूत. दहा वर्षं हे लोक उर्दू वह्यांना विभूती लावून त्यांच्यापुढे नारळ फोडत होते.

मला उर्दू येत नाही. परंड्यात किल्ल्याजवळ गफारचाचा राहतात, निवृत्त मास्तर. माझ्या कामातले उर्दू कागद तेच वाचून देतात. हणमंतप्पांनी खूप आढेवेढे घेतले, पण यादीत एकतीस वह्यांपुढे ‘मंत्र’ असं खोटं लिहायला मी तयार नव्हते. शेवटी ठरलं, वह्या मठाबाहेर जायच्या तर धाकल्या अप्पांच्या हातातच जातील. म्हणून आम्ही दोघं एसटीने परंड्याला गेलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस पावसाळी, कळकट आणि एसटीच्या गळक्या खिडकीजवळचा होता. तो खिडकीशी बसला, कारण तिथे पाणी यायचं.

“गादीवर बसल्यावर एसटीत बसता येतं का हो?” मी विचारलं.

“न्हाय. गाडी येती न्यायला.”

“आणि माझ्यासारख्या बायकांशी बोलता येतं?”

“बाकीच्या बायकांशी येतं,” तो म्हणाला. “आशीर्वादापुरतं.”



गफारचाचांच्या घरी जमिलाबींनी चहा दिला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून विचारलं, “शादी कब करे तुम लोगां?” मी चहा सांडला. तो जमिनीकडे बघत म्हणाला, “न्हाय, काकू… तसं न्हाय.” त्या ‘न्हाय’मध्ये जितका जीव होता तितका मी अजून कुणाच्या ‘हो’मध्ये ऐकलेला नाही.

चाचांनी चष्मा लावला, पानं चाळली. “बाळा, मंत्रबिंत्र काय न्हाय. रोजनिशी हाय ही. आज पाऊस झाला, अमका येऊन रडून गेला, गुडघा दुखतो. साधा माणूस होता तुमचा स्वामी.” मग ते एका पानावर थांबले. “मल्लिनाथ म्हंजे तूच न्हवं?”

“व्हय.”

“मग हे तुझंच हाय.” चाचा मराठीत सांगत सावकाश वाचू लागले. “आज शांताक्का पोराला सोडून गेली. पोर दाराची कडी धरून रडत होतं. मी शांताक्काला म्हणालो, नवस तुझा, पोराचा न्हाय. मी ह्याला सांभाळीन, शिकवीन. पंचवीसचा झाला की गावासमोर एकदा विचारीन… ऱ्हायचं का जायचं? जे म्हणंल त्यानं तुझा नवस फिटला असं समज. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते आता आठवत बी न्हाय.”

चाचांनी वही मिटली. जमिलाबी आत निघून गेल्या. मल्लिनाथ पंचवीसचा व्हायच्या पाच वर्षं आधीच थोरले अप्पा गेले होते. विचारायचं राहून गेलं, आणि राहून गेलंय हे कुणाला कळलंही नाही.

परतताना एसटीत गर्दी नव्हती. वाऱ्याने माझी ओढणी उडून त्याच्या हातावर पडली. त्याने ती बाजूला सारली नाही. टोक मुठीत धरून बसून राहिला.

“कुणी विचारलं तर काय सांगाल?” मी विचारलं.

“जायचं म्हणंन,” तो म्हणाला. इतकंच. मला ते पुरलं. मला ते जरा जास्तच पुरलं, हे पुढे कळलं.

मी कामाला लागले. हणमंतप्पांना वहीतलं सांगितलं तर ते रिकाम्या गादीपुढे जाऊन बसले. म्हणाले, “दहा वर्षं हितं दिवा लावतोय, लेकी. माझ्या मागं कोण लावंल?” मग डोळे पुसून म्हणाले, “शांताक्काला बोल. नवस तिचा.”

शांताक्का सोहळ्याच्या चार दिवस आधी ईटहून आल्या. बारीक चणीच्या, मऊ आवाजाच्या. पोटच्या पोराला त्या आत्तापासूनच “अप्पा, तुमी जेवलाव का?” असं विचारत होत्या, सवय करून घेत होत्या. मी त्यांना आडाजवळ गाठलं आणि वहीतलं सगळं सांगितलं.

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या.

“कसं काय?”

“माझ्याच तोंडावर म्हणलं होतं की अप्पांनी. एकवीस वर्षं झाली. मी कुणालाच सांगितलं न्हाय.” त्यांनी कळशी खाली ठेवली. “तीन माझ्या मांडीवर गेली, बाई. हा ऱ्हायला. ह्याला विचारलं, आन् हा जायचं म्हणला, आन् मग ह्याला काय झालं तर? कुणाच्या तोंडाकडं बघू मी?”

“आणि न विचारता जे झालं ते?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “नऊ वर्षांचं पोर कडीला धरून रडत होतं ते?”

त्या कळशी तशीच ठेवून आत गेल्या. मला त्यांची दया आली नाही. आज येते.

त्या चार दिवसांत मी आणखीही पुष्कळ काही केलं. धाराशिवच्या एका वाचनालयात ओळखीचे सर आहेत. त्यांना फोन करून मल्लिनाथसाठी जागा बघून ठेवली. आमच्या गल्लीतच एक खोली बघितली. आईला अर्धवट सांगितलं, ती म्हणाली, “अगं, मठाचा माणूस तो, पाप लागंल!” तरी मी हटले नाही. आमचं घर, त्याची नोकरी, जमलंच तर पुढच्या वैशाखात लग्न… सगळं मनात मांडून झालं. म्हटलं, त्याला एकदमच सांगू, आनंदाची गोष्ट आहे.

पुनवेच्या दिवशी पाऊस थांबला होता, पण आभाळ काही उघडलं नव्हतं. मांडवात चार-पाच गावं जमलेली. मठाची रीत अशी की आईने स्वतःच्या हाताने भगवं वस्त्र मुलाला द्यायचं आणि मागे न बघता मांडवाबाहेर जायचं. शांताक्का वस्त्र घेऊन उभ्या राहिल्या. वाद्यं थांबली. त्या देईनात. हणमंतप्पांनी खूण केली, तरी त्या देईनात. वस्त्राची घडी सुटली आणि ते त्यांच्या हातून खाली पडलं.

“मल्लू,” त्या म्हणाल्या. अप्पा नाही, मल्लू. “थोरल्या अप्पांनी विचारायला सांगितलं होतं. मी… मी दडवून ठेवलं. आता विचारते. ऱ्हायचं का जायचं?”

 त्याने आईकडे पाहिलं, रिकाम्या गादीकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं.

“जायचं, आई.”

कुणी ओरडलं नाही. त्याहून वाईट, लोक मुकाट्याने उठून जाऊ लागले. एक म्हातारी गादीपुढे डोकं टेकून रडायला लागली. हणमंतप्पा खाली पडलेलं भगवं वस्त्र गोळा करत होते. शांताक्का मात्र पुढे आल्या आणि त्याचं कपाळ, गाल, छाती हाताने चाचपू लागल्या. काही झालेलं नव्हतं. तो होता तसाच होता.

दुपारी तो दप्तराच्या खोलीत आला. पिशवी भरून आणली होती. मी हातातला कागद टाकला आणि बोलत सुटले. वाचनालय, सर, खोली, आई, वैशाख… बोलता बोलता मला दम लागला. तो ऐकत उभा राहिला. त्याचा चेहरा उतरत गेला तो मला दिसत होता, तरी मी थांबले नाही.

“हे कधी ठरवलंत?” त्याने विचारलं.

“ह्याच चार दिवसांत. तुम्ही जायचं म्हणाला होतात ना…”

“जायचं म्हणालो. कुठं, ते कुणी विचारलं?”

मी टाकलेला कागद उचलायला वाकले.

“आईनं ठरवलं तेव्हा मी पोटात बी नव्हतो,” तो हळू म्हणाला. “तुम्ही तर मी समोर बसून धूळ झाडत असताना ठरवलंत, शिवांजली.”

“माझं प्रेम आहे तुमच्यावर!” मी ओरडलेच. इतके दिवस जे कागद खाली ठेवून बोलायचं टाळलं होतं, ते असं भांडल्यासारखं बाहेर आलं.

“आईचं बी प्रेमच होतं की.”

मी खाली बसले. राग आला, रडू आलं, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी कळलं की तो खरं बोलतोय. त्याच्या आईला मी जाब विचारला होता. त्याला मात्र मीही विचारलं नव्हतं. नऊ वर्षांचा असल्यापासून ह्या माणसाने स्वतःच्या मनाने साधं गाव बदललेलं नव्हतं, आणि मी त्याला उचलून धाराशिवला माझ्या गल्लीत नेऊन ठेवणार होते.

मग मी डोळे पुसले आणि विचारलं. अवघड होतं. शांताक्कांच्या हातून वस्त्र का सुटलं ते तेव्हा समजलं.

“मल्लिनाथ… माझ्यासोबत यायचं… का जायचं?”

तो माझ्यासमोर बसला. पहिल्यांदाच त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता.

“जीव हाय तुमच्यावर माझा,” तो म्हणाला. “एसटीत ओढणी सोडवत नव्हती. खोटं कशाला बोलू? पण आज… आज जायचं. आठ दिवस आईजवळ ऱ्हातो, तिला जरा धीर यिऊ दे. मग कुठं तरी, जिथं कुणी पाया पडत न्हाय तिथं. काय काम येतं मला, काय आवडतं, सकाळी कितीला जाग येती… काहीच ठावं न्हाय मला.”

“आणि मग? मी वाट बघू?”

“बघा म्हणणार न्हाय. बघू नगा असं म्हणायचा बी धीर न्हाय.” त्याने हात सोडला. “तुमचं तुम्ही ठरवा.”

त्याची आई बाहेर थांबली होती. दोघं मठाच्या दारातून निघाले; ती पुढे, तो मागे. वाट चिखलाची होती. वळणावर त्याने आईची पिशवी आपल्या हातात घेतली आणि क्षणभर तिथेच उभा राहिला, पाठमोरा. मी दप्तराच्या खोलीच्या दारात होते. कडीवर माझा हात होता आणि ओठांवर त्याचं नाव होतं. मी हाक मारली असती तर तो परत आला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मारली नाही.